ही फाइल आधीपासून आहे

पणजीत, सांतिनेजच्या दुसऱ्या मजल्यावर
एसीचं पाणी बादलीत टपटपत होतं
आणि मी बातमीदारांसाठी दार बसवत होतो.
दार म्हणजे एक पान, एक निळं बटण,
खाली चार रकाने, चारही सक्तीचे:
गाव. तारीख. कोणी काढला. फोटोत काय आहे.

गावांच्या यादीतच दुपार गेली.
केरी तीन निघाल्या,
सत्तरीतली, पेडण्यातली, फोंड्यातली.
भाटीकर चष्म्यावरून म्हणाले, "पुढे तालुका घाल,
नाहीतर एकीचा मुडदा दुसरीत जाईल."

पूर्वी हे सगळं कदंबाच्या बसने यायचं.
काणकोणचा खाकी लिफाफा
कंडक्टरच्या सीटखाली, सुक्या बांगड्यांच्या पिशवीला टेकून,
आणि आमचा वासू स्टँडवर पावणेआठला उभा.
काल त्याने माझ्या खांद्यावरून स्क्रीन पाहिली.
"हे कितीला पोचतं?"
म्हटलं, लगेच.
"लगेच म्हणजे पावणेआठच्या आधी की मागाहून?"

मोठ्या फाइलींचे मी तुकडे पाडले, दोन-दोन एमबीचे,
वाटेत रेंज तुटली
तर तुटल्या जागेवरून उठून पुढे चालता यावं.
अकरा वर्षांचा जुना साठा आत ओतला.
आणि एक चाळण लावली, माझ्या हुशारीची:
ऐंशी टक्के सारखा दिसणारा फोटो
दारातूनच परत.

पहिल्याच संध्याकाळी बेतूलहून कायतानचा व्हिडिओ आला, उलटा.
वर समुद्र, खाली होड्या वटवाघळांसारख्या.
पेडण्याहून सात फोटो,
"फोटोत काय आहे"मध्ये सातही वेळा: मान्यवर.

खोतीगावचा सोयरू वेळीप
सात वाजल्यापासून येत होता.
त्याच्याकडे एकच जागा, काजूच्या उतारावरचा चिऱ्याचा दगड,
तिथे उभं राहिलं की एक कांडी रेंज, बसलं की तीही नाही.
एकतीस टक्के.
एकतीस.
त्र्याऐंशी, मग बराच वेळ काहीच नाही.
नऊ वाजून दहा मिनिटांनी शंभर,
आणि लगोलग लाल ओळ:
ही फाइल आधीपासून आहे.

फोन आला. "पात्रांव, घेना रे."
मी साठा उघडला. २०१४, २०१६, २०१९, २०२१.
तोच ओहोळ, पोफळीची तीच दोन खोडं आडवी टाकलेली,
चपला हातात घेतलेली पोरं,
तोच कोन, कारण उभं राहायला तिथे दुसरी जागाच नसावी.
प्रत्येकाखाली दोन शब्द: साकव नाही.

म्हटलं, हा आहेच आमच्याकडे.
पलीकडे रातकिडे. तो गप्प.
मग म्हणाला, "ओहोळ तोच. पोरं बघा.
चौदा साली जो मध्यावर रडत होता, निळ्या शर्टाचा,
तो आता पैलतीरावर हात पुढे करून उभाय.
त्याचीच भाची येतेय."

मी मोठं करून पाहिलं.
मिशी फुटली होती.
उभं राहायची तऱ्हा तीच, एक खांदा जरा खाली.

लाल ओळीखाली दोनच बटणं होती:
रद्द करा. जुनी बदला.
जुनी कशी बदलू?
पान केव्हाच छापायला गेलं होतं, भाटीकर स्कूटर काढत होते.
मी रात्री बसून तिसरं बटण बसवलं:
तरीही घ्या.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते चौदा जणांनी दाबलं.
फेरीबोटीचा तो मोडका धक्का, सलग सहावं वर्ष.
खाणीच्या ट्रकांनी खाल्लेलं तेच वळण.
दवाखान्याचं तेच कुलूप, आता जास्त गंजलेलं.
सोयरूचा फोटो पान चारवर, एका कॉलमात.

जागा भराभर संपू लागली.
नवी डिस्क हवी म्हणून मी हिशेब विभागाचा फॉर्म भरला.
त्यातही एक रकाना, सक्तीचा: कारण.
बराच वेळ कर्सर लुकलुकत राहिला.
मग मी लिहिलं,
साकव नाही.